‘दोघी बहिणी’ आणि आपला आठवडी बाजार

मित्रहो, आज रस्ते, गटारं, पाणीटंचाई यातलं काही नाही. म्हणजे नगरपरिषद येणारच आहे, पण शेवटी. आधी ससे.

कोजागरीच्या आठवड्यात लेकीला घेऊन बाजारात गेलो होतो. भाजीच्या रांगेच्या टोकाला एक जण मोटरसायकलला जाळीचे दोन पिंजरे बांधून उभा होता. पांढरे ससे, मुठीएवढे. भोवती पोरांचा घोळका. लेकीने हट्ट धरला. ४०० रुपयांत जोडी. मी विचारलं, "नर-मादी नाहीत ना?" तो म्हणाला, "नाय सायेब, दोघी बहिणी हायत. टेन्शन घ्यायचं नाय."

वीसेक वर्षं बातमीदारी करतोय. एकाने सांगितलेलं दुसऱ्याकडून तपासून घ्यायचं, हे डिप्लोमाच्या पहिल्याच महिन्यात शिकलो होतो. तिथे मात्र मान डोलावली आणि पैसे मोजले. लेकीने नावं ठेवली गौरी आणि सखी.

महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी सकाळी बायकोने हाक मारली, "अहो, लवकर या. मांजर शिरलं वाटतं, सगळीकडे केस पडलेत." पाहिलं तर रक्त नाही, काही नाही. कोपऱ्यात मी रद्दीला काढलेल्या अंकांचा ढीग होता, त्यावर केसांचा पुंजका. आणि तो पुंजका हलत होता. आत सहा पिल्लं. अंगावर केस नाहीत, डोळे मिटलेले, करंगळीपेक्षा थोडी मोठी. गौरीने स्वतःच्या पोटाचे केस उपटून अंथरूण केलं होतं. आणि सखी हा सखा होता!

आता यातला न हसण्यासारखा भाग सांगतो.

दिवसभर बघितलं, गौरी पिल्लांकडे फिरकेना. दूर बसून चारा खात होती. आम्हाला वाटलं, हिने पिल्लं टाकली. घरात दूध होतं, गाईचं. औषधाच्या ड्रॉपरने मी एकेकाला पाजायला बसलो. दोन पिल्लांच्या नाकातून दूध बाहेर आलं. पहाटेपर्यंत दोन्ही गेली. लेक काही बोलली नाही. "बाबा, आपण मदत करत होतो ना?" एवढंच विचारलं. ह्या प्रश्नाचं उत्तर मला अजून देता आलेलं नाही.

सकाळी आपल्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, आमच्याकडे गाई, म्हशी, शेळ्या येतात, सशाचा अनुभव नाही. त्यांचा प्रामाणिकपणा मला आवडला. त्यांनीच शहरातल्या त्यांच्या एका वर्गमित्राचा फोन जोडून दिला. त्या डॉक्टरांनी दहा मिनिटांत जे सांगितलं, ते आदल्या दिवशी माहीत असतं तर सहाच्या सहा जगली असती.

सशाची आई पिल्लांवर बसून राहत नाही. शिकारी प्राण्याला घरट्याचा पत्ता लागू नये म्हणून ती लांबच राहते. दिवसातून एकदा, फार तर दोनदा, बहुधा रात्री किंवा पहाटे येते आणि चार-पाच मिनिटांत पाजून जाते. आपल्याला दिसत नाही म्हणजे पाजत नाही, असं नसतं. सकाळी पिल्लाचं पोट बघायचं. गोल, टम्म असेल तर ठीक. सुरकुतलेलं, खपाटीला गेलेलं असेल तर काळजी. हात लावला तर आई पिल्लं टाकते हाही गैरसमज, हात धुऊन रोज तपासायला हरकत नाही. पिल्लं गार पडू द्यायची नाहीत. आणि गार पडलेल्या पिल्लाला आधी ऊब द्यायची, दूध नंतर. ड्रॉपरने घाईत पाजलं की दूध फुप्फुसात जातं. मी नेमकं तेच केलं होतं.

डॉक्टरांनी शेवटी विचारलं, "नर वेगळा केलात ना?" मी गप्प. सशाची मादी व्यायली त्याच दिवशी पुन्हा गाभण राहू शकते. दिवस भरतात एका महिन्यात. आम्ही सखाला वेगळं केलं तोवर उशीर झाला होता. पाडव्याच्या दोन दिवस आधी आणखी पाच पिल्लं झाली.

मोठी दोन, पहिली चार, नंतरची पाच. ४०० रुपयांच्या जोडीचे पाच महिन्यांत अकरा ससे. उन्हाळा तोंडावर. सशाला आपल्यासारखा घाम येत नाही, उकाड्याने तो मरतो. त्यामुळे ओली गोणपाटं, बर्फाच्या बाटल्या, दुपारी लाइट गेली की धावपळ. पुन्हा तीन-साडेतीन महिन्यांत पिल्लं वयात येतात, म्हणजे त्याआधी नर-मादी वेगळे करणं आलं. सखाच्या ऑपरेशनसाठी ७० किलोमीटर जावं लागलं, आणि त्यानंतरही महिनाभर त्याला वेगळा ठेवायला सांगितलं. पिंजरे, औषधं, प्रवास मिळून साडेसात हजार गेले. मला कसेबसे परवडले. ज्याला परवडत नाही तो काय करतो, हे तळ्याकाठी सकाळी फिरायला जाणाऱ्यांनी पाहिलं आहे. पांढरे ससे झुडपात सोडलेले असतात. माणसाला वाटतं, निसर्गात सोडले. पण पाळीव ससा आणि आपल्या माळावरचा रानससा ह्या दोन वेगळ्या जाती आहेत. पांढऱ्या सशाला माळावर लपताही येत नाही. एक-दोन रात्रींत कुत्री आटोपतात.

आता येतो नगरपरिषदेकडे.

केंद्र सरकारचे पेट शॉपबाबतचे नियम २०१८ सालापासून आहेत. त्यात ससा नाव घेऊन नमूद आहे. आणि दुकान म्हणजे शटर असलेला गाळाच असं नाही, आठवडी बाजारातली जागासुद्धा त्यात येते. राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते, खरेदी-विक्रीची नोंद ठेवावी लागते. आपल्या बाजारात प्रत्येक विक्रेत्याकडून पावती फाडली जाते. मी वसुली करणाऱ्याला विचारलं, ससेवाल्याला कागद विचारता का? तो म्हणाला, "आपण जागेचे पैसे घेतो, मालाचं काय विचारायचं?"

जनावर टाकून देणाऱ्याचं म्हणाल, तर १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात उपाशीतापाशी सोडून देणं गुन्हाच आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. बाजारात आज एवढ्यात मेथीच्या दोन जुड्या येतात.

काही जण म्हणतील, दादा, इथे लाळ्या-खुरकुताच्या लसीसाठी हेलपाटे घालावे लागतात आणि तुम्ही सशाचं काय घेऊन बसलात? बरोबर आहे. दवाखान्यातली रिक्त पदं, लस, हे आधी. त्यावर मी लिहितो आणि लिहीत राहीन. पण मी मागतोय त्याला ना निधी लागतो ना पद. पावती फाडताना एक प्रश्न विचारायचा आहे, एवढंच.

दुसरं, ससेवाल्याच्या पोटावर पाय आणायचा नाही. तोही कुणाकडून तरी पिंजराभर आणतो, लहान पिल्लांत नर-मादी ओळखायला जाणकारही चुकतात. त्याने मला फसवलंच असं मी म्हणत नाही. त्याला नोंदणीचा रस्ता दाखवा, अर्ज भरायला मदत करा. मी स्वतः बसून भरून देतो.

माझी मागणी दोन ओळींची आहे. बाजार वसुलीच्या पुढच्या ठेक्यात एक अट घाला, नोंदणीशिवाय प्राणी विक्रीला जागा नाही. आणि पशुवैद्यकीय दवाखान्याबाहेर एक फलक लावा, ससा घेण्याआधी काय माहीत हवं. मजकूर मी देतो, खर्च आम्ही चार पत्रकार मिळून करू. हे निवेदन सोमवारी मुख्याधिकाऱ्यांना देणार आहे. कुणाला सोबत यायचं असेल तर ११ वाजता या.

आणि इनबॉक्समध्ये "दादा, एक पिल्लू द्या की, पोरगं मागे लागलंय" म्हणणाऱ्या मित्रांनो, देईन. पण आठ आठवडे पूर्ण झाल्यावर, दोन द्यायची तर एकाच जातीची, आणि डॉक्टरांकडून तपासूनच. ससा नीट सांभाळला तर आठ-दहा वर्षं जगतो. तेव्हा पोरगं कॉलेजात असेल आणि ससा तुमच्या गळ्यात. हे घरात बोलून मग फोन करा.

नऊ पिल्लं ठणठणीत आहेत. रद्दीत गेलेल्या अंकांत माझीच एक बातमी होती, बाजारातल्या अस्वच्छतेवरची. गौरीने तिचा उपयोग केला. नगरपरिषदेने अजून केलेला नाही.