बियाण्यातील भागीदारी : कोणाच्या अटींवर?

पीकसुधारणेच्या राष्ट्रीय कार्यक्रमांचे आधुनिकीकरण आंतरराष्ट्रीय सहकार्याने व्हावे, या म्हणण्यास तत्त्वतः विरोध करण्याचे कारण नाही. बियाण्याला देशांच्या सीमा कधीच ठाऊक नव्हत्या. प्रश्न आहे तो भागीदारीच्या अटींचा. बाजरीचा गेल्या साठ वर्षांचा इतिहास यावर पुरेसा प्रकाश टाकतो.

1965 साली लुधियानात सिद्ध झालेली एच. बी. 1 ही देशातील पहिली संकरित बाजरी. तिची मादी अमेरिकेतील टिफ्टन येथील संशोधन केंद्रातून आली होती. उत्पादन वाढले, 1970-71 मध्ये ते सुमारे 80 लाख टनांवर पोहोचले. परंतु बहुतेक संकरवाणांची मादी एकच असल्याने गोसावी रोगाला मोकळे रान मिळाले आणि पुढच्याच वर्षी उत्पादन झपाट्याने खाली आले. त्याची किंमत कोरडवाहू शेतकऱ्याने मोजली. परदेशी वाण घेणे हा दोष नव्हता. दोष होता तो सारा देश एकाच वाणाच्या आधारावर उभा करण्याचा.

1972 मध्ये हैदराबादजवळ पाटणचेरू येथे इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली. नायजेरियात तयार झालेल्या मिश्रसमूहातून निवडलेले डब्ल्यू. सी.-सी. 75 हे वाण 1982 मध्ये भारतात प्रसृत झाले. पश्चिम आफ्रिकेतील टोगोच्या शेतकऱ्यांनी जोपासलेल्या बाजरीतून निवडलेले आय. सी. टी. पी. 8203 हे वाण 1988 मध्ये महाराष्ट्राच्या शेतात उतरले. त्यातूनच इक्रिसॅट आणि राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ यांनी लोहाचे प्रमाण अधिक असलेली 'धनशक्ती' सिद्ध केली व 2012 मध्ये ती राज्यात प्रसृत झाली. ही वाणे संकरित नसल्याने शेतकरी त्यांचे बी घरी राखू शकतो. हरियाणातील एच. एच. बी. 67 या संकरवाणात हिसारचे कृषी विद्यापीठ, इक्रिसॅट आणि ब्रिटनमधील संस्था यांनी जनुकीय खुणांच्या साह्याने गोसावी रोगाची प्रतिकारशक्ती आणली. सुधारित वाण 2005 मध्ये बाहेर पडले. सार्वजनिक पैशातून झालेले हे आधुनिकीकरण स्वागतार्हच आहे.

मात्र याला दुसरी बाजूही आहे. 2000 पासून इक्रिसॅटने खाजगी बियाणे कंपन्यांकडून वर्गणी घेऊन संकरवाणांच्या मातृ-पितृ वाणांचे संशोधन चालविले. सार्वजनिक संस्थांची तिजोरी आटली की भांडवल तेथे शिरकाव करते, आणि दरवर्षी विकत घ्यावे लागणारे बी हेच त्याला सोयीचे असते. 2002 मध्ये रायपूरच्या कृषी विद्यापीठाने सिंजेंटा या बहुराष्ट्रीय कंपनीशी करार करण्याचे घाटले, तेव्हा डॉ. रिछारिया यांनी जमविलेला छत्तीसगडच्या भातवाणांचा अमोल संग्रह पणाला लागला होता. जनतेच्या विरोधामुळे कंपनीने माघार घेतली. लोकशक्ती जागी असेल तर करार रोखता येतात, हा त्याचा धडा.

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. प्रत्येक संशोधन कराराचा मजकूर जनतेसमोर यावा. वाणनिर्मितीची अंतिम सूत्रे राज्याच्या कृषी विद्यापीठांकडे राहावीत आणि त्यासाठी लागणारा पैसा व माणसे शासनाने द्यावीत. जेथे शक्य तेथे बी राखता येणाऱ्या वाणांना प्राधान्य मिळावे. 2001 च्या कायद्याने शेतकऱ्याला बी राखण्याचा, पेरण्याचा, देवघेवीचा आणि कंपनीच्या नाममुद्रेविना विकण्याचा हक्क दिला आहे. तो गावोगावी सांगणे हे कार्यकर्त्यांचे काम आहे.

टोगोच्या शेतकऱ्याचे बी नगरच्या जिरायती शेतात उगवते, हा खरा आंतरराष्ट्रीयवाद होय. ते बी कोणा कंपनीच्या तिजोरीत बंद होऊ न देणे, ही त्या शेतकऱ्याच्या ऋणाची परतफेड ठरेल.