घराचं दार उघडं, म्हणून कॅमेऱ्यालाही आवतण? वाडीवाडीत परवानगीचा प्रश्न

रत्नागिरी : गणपतीत घरोघर आरती, लग्नात हळद, कुणाकडे बारसं. कार्यक्रम संपायच्या आत व्हिडिओ स्टेटसला. त्यात गणपती असतो, तशी मागे घामाघूम होऊन काम करणारी सूनही असते आणि उघड्या अंगाने बसलेले आजोबाही. त्यांना कोणी विचारलेलं नसतं.

कोकणात शेजारी खळ्यातून पडवीत आणि पडवीतून थेट माजघरात येतो. पण आलेला माणूस परत जातो. फोटो मात्र वाडीच्या ग्रुपवरून मुंबईला, तिथून अनोळखी माणसाकडे जातो. काढणाऱ्याने डिलीट केला तरी दुसऱ्याच्या मोबाईलमध्ये राहतो.

फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबईत अभिनेत्री आलिया भट्ट स्वतःच्या घरात बसलेली असताना समोरच्या इमारतीच्या गच्चीवरून तिचे फोटो काढले गेले. तिने मुंबई पोलिसांना टॅग करून जाहीर हरकत घेतली. गावातल्या सुनेला हे सोपं नाही. फोटो काढणारा अनेकदा दीर किंवा भावकीतलाच असतो. बोललं तर ‘एवढं काय झालं?’ हे ठरलेलं उत्तर.

कायदा काय सांगतो?

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ नुसार आंघोळ, कपडे बदलणे अशा खासगी वेळी बाईचा फोटो काढणं गुन्हा आहे. पहिल्यांदा दोषी ठरल्यास १ ते ३ वर्षं कैद आणि दंड. अशा वेळचा फोटो काढायला तिने होकार दिला, पण पसरवायला दिला नसेल, तरी पसरवणारा दोषी. आयटी कायद्याचं कलम ६६ई पुरुषांनाही लागू आहे : संमतीशिवाय गुप्तांगांचा फोटो काढला किंवा पाठवला तर ३ वर्षांपर्यंत कैद, २ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

मात्र चुलीपुढे बसलेल्या बाईचा साधा फोटो या कलमांत बसत नाही. तिथे उरते ती माणुसकीची रीत.

फोटो नकोच, असंही नाही. जुलै २०२१ च्या चिपळूणच्या महापुरात चिखलाने भरलेल्या घरांचे फोटो फिरले, तेव्हाच नुकसान केवढं आहे ते राज्याला दिसलं. पण पडलेली भिंत दाखवायला रडणाऱ्या बाईचा चेहरा लागतोच असं नाही.

रीत साधी आहे. काढण्याआधी विचारायचं, टाकण्याआधी पुन्हा विचारायचं. ‘नको’ म्हटलं की कारण न विचारता काढून टाकायचं. मयताच्या घरी मोबाईल खिशात. आणि प्रकरण गंभीर असेल तर जवळचं पोलीस ठाणं आहेच. केंद्राच्या सायबर क्राईम पोर्टलवर महिला व मुलांच्या अश्लील फोटो-व्हिडिओची तक्रार नाव न देताही करता येते.