सुट्टीतली मुंबई

मे महिन्यात डोंबिवली-कल्याणची मुलं कोकणात, घाटावर जातात. तासाभरावरची मुंबई मात्र राहूनच जाते, कारण आई-बाबांना ती ऑफिसच्या गर्दीतूनच दिसते. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून पहिली प्रवासी गाडी ठाण्यालाच आली होती. त्याच मार्गाने मुलांना मुंबईला न्या.

एक रजा टाकाच. रविवारी मेगाब्लॉक, बुधवारी राणीची बाग बंद, गुरुवार बरा. सकाळची गर्दी ओसरली की निघा, भायखळ्याला उतरा. राणीच्या बागेतले पेंग्विन तर मुलं पाहतीलच, पण शेजारच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात वेळ काढा. जुन्या मुंबईतल्या कारागिरांच्या, नाना जातीजमातींच्या माणसांच्या मातीच्या छोट्या मूर्ती तिथे आहेत. मुलं प्रश्न विचारतील, विचारू द्या. एका दिवसात एवढंच पुरे. चौपाटी पुढच्या खेपेला. आणि पाचच्या आत परतीची लोकल धरा. त्यानंतर मुलांना घेऊन फास्ट गाडीत चढणं धोक्याचं आहे.