‘रिपोर्ट नॉर्मल’ म्हणजे दुखणे खोटे नव्हे

“जेवलं की पोट दुखते, डॉक्टरसाहेब. म्हून मी जेवतच नाही.” मानोऱ्यात बाह्यरुग्ण विभागात बसलेल्या डॉक्टरला हे वाक्य नवे नाही. सोबतच्या पिशवीत एंडोस्कोपी, सोनोग्राफी आणि रक्ताच्या चाचण्यांचे कागद असतात आणि सगळे नॉर्मल. मग आम्लपित्ताची गोळी मिळते. ती लागू पडली नाही, की ‘टेन्शन घेऊ नका’ असा सल्ला मिळतो. मीही तो दिला आहे.

अशा रुग्णांपैकी फार थोड्यांना एक दुर्मीळ आजार असतो. महारोहिणीतून निघणारी सिलिअॅक धमनी जठर, यकृत आणि प्लीहेला रक्त पुरवते. तिच्या उगमाजवळून श्वासपटलाचा कमानीसारखा तंतुमय पट्टा जातो. काहींमध्ये तो खाली असतो आणि धमनीला दाबतो. श्वास सोडताना हा दाब वाढतो. जेवणानंतर वरच्या पोटात दुखणे, खाण्याची भीती आणि वजन घटणे ही त्याची लक्षणे. सडपातळ, तरुण व मध्यम वयाच्या स्त्रियांमध्ये तो अधिक आढळतो. १९६३ मध्ये हारयोला यांनी आणि १९६५ मध्ये डनबार यांनी त्याचे वर्णन केले. म्हणजे आजार नवा नाही, तो आठवत नाही एवढेच.

नेहमीच्या सोनोग्राफीत ही धमनी मुद्दाम पाहिली जात नाही. श्वास घेताना आणि सोडताना डॉप्लरने तिच्यातील रक्ताचा वेग मोजावा लागतो. त्यानंतर सीटी अँजिओग्राफी. त्यासाठी आपल्याकडून अकोला किंवा नागपूरची वाट धरायची, तर मजुरी बुडते आणि भाड्याचे पैसे जातात. म्हणूनच चिठ्ठीवर नुसते ‘पोटदुखी’ न लिहिता ‘जेवणानंतर दुखते, वजन घटले, सिलिअॅक धमनी पाहावी’ असे लिहिले पाहिजे. नाहीतर रुग्ण पुन्हा एक नॉर्मल कागद घेऊन परत येतो.

मात्र दुसरे टोकही गाठू नये. धमनीवर असा दाब कसलाही त्रास नसलेल्या अनेकांच्या सीटीतही दिसतो. त्यामुळे चित्रावरून लगेच शस्त्रक्रिया ठरवणे चूक. अल्सर, पित्ताचे खडे, स्वादुपिंडाचे विकार, क्षयरोग, कर्करोग ही कारणे आधी तपासायची. दुर्बिणीतून पट्टा मोकळा केल्यावर अनेकांना आराम पडतो, पण सर्वांना नाही. दुखणे रक्त कमी पडल्याने होते की तिथल्या मज्जातंतूंवरील दाबामुळे, यावर अजून एकमत नाही. हे रुग्णाला आधीच सांगितले पाहिजे.

माझे म्हणणे साधे आहे. प्रत्येक भेटीत केसपेपरवर वजन लिहा. सोंगणीच्या दिवसांत बाई वाळली, तर घरचे म्हणतात, कामाने वाळली. वजनाचा आकडा तसे म्हणू देत नाही. जेवल्यावर किती वेळाने दुखते, किती वेळ टिकते आणि दुखण्याच्या भीतीने जेवण सोडले का, हे तीन प्रश्न विचारा. यासाठी काटा आणि पाच मिनिटे पुरतात.

रुग्णांनीही जुने कागद फेकू नयेत आणि वजन घटतेय हे स्वतःहून सांगावे. तपासणीत काही सापडले नाही, याचा अर्थ शोधायचे थांबावे असा नाही. आणखी कुठे शोधायचे, हे ठरवण्याची ती वेळ असते.