अर्जाच्या उंबऱ्यावरच नापास!

पावसाळा लागतो, खुरपणीला बाया शेतांत उतरतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत नवोदय विद्यालयाच्या सहावीच्या प्रवेशपरीक्षेचे अर्ज निघतात. अर्जाला एक पैसा लागत नाहीं. तरी दरसाल गांवोगांव एकच रड: ‘मुदत निघून गेली, आम्हांस कोणीं सांगितलेंच नाहीं!’ लोक म्हणतात, कुणब्याचें पोर परीक्षेंत मागें पडतें. आम्ही म्हणतों, तें परीक्षेपर्यंत पोंचतच नाहीं. तें अर्जाच्या उंबऱ्यावरच नापास होतें, आणि त्याला नापास करणारा पहिला परीक्षक त्याचा बाप असतो. बांधवहो, हें कडू आहे. पण खोटें असेल तर सांगा.

हीं विद्यालयें कोणासाठीं आहेत तें आधीं समजून घ्या. १९८५-८६ सालीं देशांत पहिलीं दोन निघालीं. एक हरियाणांत झज्जरला, दुसरें आपल्या अमरावतीस. सहावीपासून बारावीपर्यंत मुलाचें शिकणें, राहणें, जेवण, गणवेश व पुस्तकें यांचा भार सरकार उचलतें. नववीपासून विकासनिधि म्हणून महिना ६०० रुपये घेतात, पण ते मुलींस, अनुसूचित जाति-जमातींस, दिव्यांगांस व दारिद्र्यरेषेखालील घरांस माफ आहेत. जिल्ह्याच्या जागांपैकीं शेंकडा ७५ तरी ग्रामीण मुलांच्या, आणि एकतृतीयांश मुलींच्या. इतर मागासवर्गांच्या केंद्रीय यादींतील मुलांस शेंकडा २७ जागा आहेत.

ही कोणाची मेहेरबानी नव्हे. सरकारचा महसूल रयतेच्या घामांतून येतो आणि विद्येवरचा खर्च वरच्या वर्गांच्या पदरांत पडतो, हें गाऱ्हाणें जोतीराव फुल्यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनापुढें मांडलें. शाहू छत्रपतींनीं १९१७ सालीं करवीर राज्यांत प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत केलें. त्या वाटेनें चालत आलेला हा हक्क आहे. ताट वाढलेलें आहे, आणि आपण हात धुवायलाच उठत नाहीं!

‘आमचें पोर कुठलें एवढें हुशार?’ असें म्हणून कित्येक जण गप्प बसतात. तें हुशार नाहीं हें तुम्हांस कोणीं सांगितलें? परीक्षा दोन तासांची; प्रश्न ८०, गुण १००. त्यांतले ५० गुण बुद्धिचाचणीचे, म्हणजे आकृत्या पाहून सारखी कोणती, वेगळी कोणती हें ओळखण्याचे. २५ गणिताचे, २५ भाषेचे. परीक्षा मराठींतून देतां येते. चुकलेल्या उत्तराचे गुण कापीत नाहींत. गवंड्याचें पोर भिंत वांकडी कीं सरळ हें ओळंबा न लावतां सांगतें. धनगराचें पोर शंभर मेंढ्यांतून आपली मेंढी ओळखतें. त्या डोळ्याला कागदावरची आकृति जड जाईल काय? सराव पाहिजे हें खरें. पण अर्जच नाहीं तर सराव कशाचा?

दुसरे म्हणतात, ‘पुढच्या सालीं पाहूं.’ पुढचें साल नाहीं! पांचवींत असतांना, ज्या जिल्ह्यांत मूल शिकतें त्याच जिल्ह्यासाठीं, जन्मांत एकदांच ही परीक्षा देतां येते. बैल हुकला तर पुढच्या बाजारीं दुसरा मिळतो. हें साल हुकलें कीं हुकलें.

आतां अर्ज भरतांना काय होतें तें ऐका. अर्ज संगणकावर भरावा लागतो. बाप तालुक्याला दुकानांत जातो, तेथला पोरगा भराभर बटणें दाबतो, आणि ‘ग्रामीण’ऐवजीं ‘शहरी’वर खूण पडते. बाप कागद घडी करून खिशांत घालतो, आणि हक्काची जागा तेथेंच बुडते. तिसरी, चौथी व पांचवी हीं तिन्ही वर्षें पुरीं खेड्याच्या शाळेंत काढलीं, तरच मूल ग्रामीण धरतात. म्हणून अर्ज पाठविण्याआधीं तो कोणा जाणत्याकडून मोठ्यानें वाचून घ्या. मुदत संपल्यावर चूक दुरुस्त करण्यास थोडे दिवस मिळतात. तेव्हां ग्रामीण-शहरी, प्रवर्ग व परीक्षेचें माध्यम बदलतां येतें. दुकानदारावर भरंवसा नसेल तर जिल्ह्याच्या नवोदय विद्यालयांत जा. तेथें अर्जास मदत करण्याची सोय असते, आणि तिला दाम पडत नाहीं.

गुरुजींसही आमचा सवाल आहे. मुलाच्या माहितीच्या दाखल्यावर मुख्याध्यापकाची सही लागते. स्वतःच्या खिशाला खार लावून वर्गांतल्या सगळ्या पोरांचे अर्ज भरणारे गुरुजी आम्हांस ठाऊक आहेत. त्यांस आमचा दंडवत. पण दोन चुणचुणीत पोरें निवडून बाकीच्यांस बातमीच न देणारेही आहेत. निवड करण्यासाठीं परीक्षा आहे. परीक्षेआधीं निवड करण्याचा अधिकार तुम्हांस कोणीं दिला?

आणि सरकारास तर जाबच विचारला पाहिजे. २०२५ सालीं आपल्याकडे ही परीक्षा १८ जानेवारीस झाली, आणि पुढच्या सालासाठींची १३ डिसेंबरास. दोन्ही दिवशीं उसाचा हंगाम भरांत. दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन निघालेल्या घराचें पोर पावसाळ्यांत अर्ज भरील. पण परीक्षेच्या दिवशीं तें फडावर पाचटाच्या कोपींत धाकटें भावंड सांभाळीत असतें, आणि त्याचें केंद्र राहतें दूर आपल्या जिल्ह्यांत. थंड डोंगरी मुलुखांतल्या मुलांसाठीं हीच परीक्षा एप्रिलांत घेतात. ठीकच करतात. पण बर्फ आडवा आला तर तारीख हलते, मग कोयता आडवा आला तर कां हलूं नये? निदान कारखान्यांच्या तालुक्यांत या मुलांपुरतें केंद्र तरी द्या.

एक गोष्ट मात्र विसरूं नका. एका विद्यालयांत सहावीस फार तर ८० मुलें घेतात. बाकीचीं हजारों मुलें कांहीं दगड नव्हेत. निवड झाली नाहीं म्हणून पोराला मारूं नका, टाकून बोलूं नका. गांवच्या शाळेंत मास्तर पुरे आहेत कीं नाहींत तें ग्रामसभेंत उठून विचारा. नवोदय हा एक दरवाजा आहे. सगळें घर गांवची शाळा आहे. दोन्हींवर आपला हक्क आहे.

म्हणून अर्ज निघाले कीं पांचवीच्या प्रत्येक मुलाचें व मुलीचें नांव त्यांत गेलें कीं नाहीं, हें गांवानें मोजावें. मुलीचें तर आधीं! शाळेच्या पटावर जितकीं नांवें, तितके अर्ज. एक कमी भरला, तर त्या घरीं जाऊन कारण विचारा. परीक्षेंत नापास होण्यांत लाज नाहीं. न बसतां हरण्यांत आहे.