चिपीचे विमान आणि तीन वर्षांची मुदत

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील चिपीच्या माळावर ९ ऑक्टोबर २०२१ रोजी मोठ्या समारंभाने मुंबईची विमानसेवा सुरू झाली. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये केंद्राच्या ‘उडान’ योजनेतील अनुदानाची तीन वर्षे सरली आणि ती सेवा थांबली. यात कोकणाचेच दैव आडवे आले असे मानण्याचे कारण नाही. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालानुसार, तपासलेल्या ७७४ मंजूर मार्गांपैकी ४०३ मार्गांवर विमान उडालेच नाही. सुरू झालेल्या ३७१ पैकी केवळ ११२ मार्गांनी तीन वर्षे पुरी केली आणि त्यानंतरही मार्च २०२३ मध्ये तग धरून होते ते अवघे ५४.

दोष योजनेच्या गृहीतकात आहे. नवा मार्ग म्हणजे जणू बाल्यावस्थेतील उद्योग. तीन वर्षे तूट भरून दिली की तो आपल्या पायांवर उभा राहील, अशी ही कल्पना. परंतु सत्तर आसनांच्या विमानाचा दर आसनामागील खर्च मोठ्या विमानापेक्षा अधिक, आणि प्रवासी मात्र मे महिन्यात व गणपतीत एकवटलेले. (चाकरमान्यांचा लोंढा रेल्वे आणि एस.टी.च पेलणार, हा भाग निराळा.) अशी मागणी तीन वर्षांत वयात येत नाही. शिवाय सेवा बंद पडण्याची तारीख आधीच दिसत असताना मालवणात हॉटेल बांधणाऱ्याने भांडवल कोणाच्या भरवशावर गुंतवावे?

अमेरिकेने १९७८ मध्ये हवाई वाहतूक नियंत्रणमुक्त करताना लहान गावांना अनुदानित सेवेची हमी दिली. ती आजही चालू आहे, कारण तिचा निकष गरज हा आहे. मोठा विमानतळ सत्तर मैलांच्या आत असल्यास तेथे सामान्यतः अनुदान मिळत नाही. ही कसोटी चिपीला अडचणीची आहे, हे मान्य केले पाहिजे. गोव्यातील मोपा विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाला. बांदा-दोडामार्गच्या रहिवाशाला तोच जवळ पडतो.

तेव्हा राज्य सरकारने हिशेब उघड मांडावा. चिपीहून मुंबईला बारमाही विमान हवे असेल, तर दर प्रवाशामागे अनुदानाची मर्यादा ठरवून विधिमंडळाकडून दरवर्षी तरतूद मंजूर करून घ्यावी. ती रक्कम अवाजवी वाटत असेल, तर कुडाळ-मालवणहून मोप्याच्या विमानांच्या वेळा साधणाऱ्या एस.टी. गाड्या सुरू कराव्यात. त्यांना समारंभ लागत नाही, एवढीच त्यांची उणीव.