टिचकी मारा, मग ठरवा!

भंडारा म्हणजे पितळी भांड्यांचं गाव. इथे भांडं घेताना टिचकी मारायची आणि कानाने ठरवायचं. मग स्टिरिओच्या बाबतीत आपण कागदावरचे आकडे वाचून का भुलतो, बॉस?

फंडा साधा आहे. जुन्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये बारीक सिग्नल मोठा करणारी ऑप-अ‍ॅम्प नावाची आठ पायांची चिप असते, बऱ्याचदा ४५५८. ती काढून ५५३२ लावायची. खर्च तर्री-पोह्यांच्या प्लेटइतका! ५५३२ आली १९७९ मध्ये, आणि स्टुडिओंच्या मिक्सरमध्ये जाऊन बसली. तिची सळसळ कमी. वेगही जास्त: मायक्रोसेकंदाला ९ व्होल्ट, ४५५८ चा जेमतेम १.

पण घरच्या आवाजाला इतका वेग क्वचितच लागतो. खरा घोळ बहुतेकदा वाळलेल्या कपॅसिटरमध्ये नाहीतर स्पीकरमध्ये असतो.

म्हणून माझं ऐका. आधी सॉकेट सोल्डर करून घ्या. मग दर वेळी प्लग काढून मित्राला चिप बसवायला सांगा, कुठली ते न सांगता. गाणं तेच, व्हॉल्यूम तोच. दहापैकी नऊ वेळा ओळखलंत, तर ५५३२ खुशाल ठेवा. नाहीतर पुढचे पैसे स्पीकरसाठी राखून ठेवा.